गाणं थांबलं की डोळ्यांपुढे अंधारी : ग्रुप क्लासमध्ये कुणाला असं होतं का?

लेडीज डबा

प्रश्न जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

वय ४७, राहते मुलुंड पूर्वेला, ऑफिस फोर्टात. संध्याकाळी आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पाऊण तासाचा क्लास असतो, आठ ते पावणेनऊ. आधी झुंबा, मग स्क्वॉट आणि बर्पी (हात टेकून आडवं व्हायचं आणि उडी मारून उभं राहायचं, पुन्हा आडवं), शेवटी चटईवर पोटाचे व्यायाम. आम्ही अठरा-वीस जणी. हॉल म्हणजे बारशी, हळदीकुंकू आणि सोसायटीची एजीएम होते तोच. खिडक्या बंद असतात, कारण बी विंगच्या पहिल्या मजल्यावरून स्पीकरबद्दल कमिटीकडे लेखी तक्रार गेलीये. पंखे तीन, त्यातला एक फक्त आवाजापुरता. ऑक्टोबर कसा चाललाय ते मुंबईकरांना सांगायला नको.

जुलैत क्लास लावला तेव्हा काही होत नव्हतं. हल्ली चक्कर येते. नाचताना अजिबात येत नाही. गाणं संपतं, सगळ्या टाळ्या वाजवत उभ्या राहतात, तेव्हा येते. आणि चटईवरून उठताना. खोली फिरत नाही. डोळ्यांपुढे काळं होतं, कानात शिट्टी वाजते, तळहात गार पडतात. खांबाला धरून उभी राहिले की अर्ध्या-एक मिनिटात जातं आणि मी पुढच्या गाण्यात शिरते. आमच्या हॉलला मधोमध खांब आहे, बारशाच्या फोटोंत नेहमी मध्ये येतो म्हणून सगळे त्याला शिव्या घालतात, मला मात्र तो फार उपयोगी पडलाय. पडलेली नाही अजून.

सल्ले भरपूर मिळाले. एकीने नजर काढून घ्यायला सांगितलं. दुसरी पर्समधून ग्लुकोज पावडरीची पुडी आणते आणि चक्क चमच्याने भरवते. तिसरीचं निदान 'मेनोपॉज'. आमच्या हॉलमध्ये गुडघेदुखीपासून नवऱ्याशी झालेल्या भांडणापर्यंत सगळं त्यातच बसतं. ट्रेनर मुलगी चांगली आहे, पंचविशीची, पण कानाला माइक लावलेला आणि दर आठ काउंटला 'डोन्ट स्टॉप लेडीज'.

उपवासाचं म्हणाल तर नवरात्राचे मी उठता-बसता दोनच करते, आणि त्या दोन्ही दिवशी काही झालं नाही. साखर मे महिन्यात ऑफिसच्या तपासणीत ठीक होती. बीपीची गोळी नाही. घड्याळात हार्ट रेट १६०-१६५ दाखवतो.

विचारायचंय ते असं. हे स्टॅमिना वाढला की जाईल का? आणि सगळ्या नाचत असताना आपण मध्येच जाऊन बसायचं कसं? पहिल्याचं उत्तर डॉक्टर देतील. दुसऱ्यासाठी कुठला डॉक्टर गाठायचा ते कळेना, म्हणून इथे लिहिलं.

ताडदेवचा टग्या

क्लासच्या आधी एक वडापाव. चक्कर गॅरंटीने जाईल. क्लासही जाईल.

शुद्ध तूप

बंद हॉलमध्ये कानठळ्या बसवणारी गाणी लावून उड्या मारायच्या, मग चक्कर येणार नाही तर काय होणार? हे सोडा. सकाळी घरी बारा सूर्यनमस्कार घाला. आपल्या मातीतला व्यायाम, एक पैसा खर्च नाही.

वॉर्मअप

ताई, मी दादर-परळ भागात सकाळचे ग्रुप क्लास घेतो, त्यामुळे हे दृश्य रोज समोर असतं. पहिल्याच दिवशी कोण खांब शोधतंय हे आम्हाला समोरून दिसतं. तुमच्या ट्रेनरलाही दिसत असणार, फक्त वीस जणींचा काउंट चालू असताना तिला थांबता येत नाही.

तुमची चक्कर 'थांबल्यावर' आणि 'उठताना' येते हे तुम्ही बरोबर पकडलंय. तेव्हा करायचंही तिथेच. गाणं संपलं की उभं राहायचं नाही. टाळ्या वाजवा, पण पाय चालू ठेवा, जागच्या जागी मार्चिंग, निदान पुढचं गाणं लागेपर्यंत. आम्ही कूलडाऊन घेतो तो यासाठीच, आणि गंमत म्हणजे बरोबर तेव्हाच अर्धी बॅच चपला घालून निघालेली असते, कुणाचा कुकर, कुणाची मालिका.

बर्पी सध्या बंद. त्याऐवजी खुर्ची किंवा भिंतीला हात टेकून पाय मागे न्या आणि आणा. डोकं वरखाली होत नाही, घाम तेवढाच येतो. चटईवरून उठताना उजव्या कुशीवर वळा, बसा, दोन-चार श्वास घ्या, एक गुडघा उभा करा, मग उठा. प्लँकमध्ये (कोपरांवर आणि चवड्यांवर अंग ताठ तोलून धरायचं ते) श्वास कोंडून धरू नका. सगळे धरतात, आणि सोडला की डोकं हलकं होतं.

उभ्या उभ्या अंधारी यायला लागलीच, तर पायांची कात्री करून मांड्या आणि नितंब घट्ट आवळा, मुठी करकचून मिटा. प्रेशर थोडं वर येतं आणि खाली बसायला वेळ मिळतो. मग बसा. किंबहुना आडव्याच व्हा आणि पाय खुर्चीवर ठेवा. खांबाला धरून उभं राहणं हा सगळ्यात वाईट उपाय, कारण तिथून पडलात तर डोकं फरशीवर आपटतं. आणि मैत्रिणींना सांगून ठेवा: शुद्ध नसेल तर तोंडात पाणी नाही, ग्लुकोज नाही, नाकाला कांदा नाही, भोवती कोंडाळं नाही.

मध्येच बसायचं कसं, याचं आमच्याकडचं उत्तर सोपं आहे. क्लास सुरू व्हायच्या आधी ट्रेनरला एका वाक्यात सांगा, 'मी आज मध्ये मध्ये बाजूला जाऊन मार्चिंग करणार आहे.' आधी सांगितलं की तो तुमचा प्रोग्रॅम होतो. मध्येच थांबलात तर सगळ्या वळून बघतात.

स्टेथो आणि छत्री

मी अंधेरीत जनरल प्रॅक्टिस करते. इथे तपासता येत नाही, त्यामुळे हे वाचून दवाखाना टाळू नका. पण तुम्ही वर्णन इतकं नेमकं केलंय की काही सांगता येईल.

आपल्या इमारतीत खालच्या टाकीतलं पाणी पंप गच्चीवर चढवतो. पोटऱ्यांचे स्नायू रक्तासाठी तेच काम करतात. नाचताना पायांतल्या रक्तवाहिन्या सैलावलेल्या असतात आणि प्रत्येक पावलाबरोबर पोटरी आवळली जाऊन रक्त वर ढकललं जातं. गाणं थांबलं, पाय थांबले, पंप बंद. वाहिन्या मात्र अजून सैलच आहेत. रक्त पायांत साठतं, हृदयाकडे कमी परत येतं आणि काही सेकंद मेंदूला कमी पडतं. त्यात बंद हॉलमध्ये दमट हवा. घाम गळतो पण वाळत नाही, म्हणून अंग गार होत नाही, मग शरीर आणखी रक्त त्वचेकडे पाठवतं. निरोगी माणसालाही अशा ठिकाणी हलकं वाटू शकतं.

मला खटकतंय ते वेगळं. हॉल तोच, क्लास तोच, पावसाळ्यातही मुलुंडची हवा काही कोरडी नव्हती. मग आताच का सुरू झालं? सराव वाढल्यावर हे कमी व्हायला हवं, तुमचं वाढलंय. म्हणून थेट विचारते:

दुपारनंतर पाणी किती पिता? दुपारी जेवल्यानंतर क्लासपर्यंत पोटात काय जातं? पाळी कशी आहे, अंगावरून जास्त जातं का? जिना चढताना पूर्वीपेक्षा धाप लागते का? घरी बीपीचं मशीन असेल तर पाच मिनिटं आडवं पडून एकदा मोजा, मग उभं राहून एका मिनिटाने आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने उतरला तर लिहा. नाडीचे आकडेही लिहा.

आणि सगळ्यांसाठीच सांगते. व्यायाम थांबवल्यावर येणारी चक्कर बहुतेकदा साधी असते. ऐन व्यायामात, हालचाल चालू असताना शुद्ध हरपणं साधं नसतं. तसं एकदा जरी झालं तरी हृदयाची तपासणी, म्हणजे ईसीजी आणि टू-डी एको, होईपर्यंत क्लास पूर्ण बंद. छातीत दाब, जबडा किंवा हात दुखणं, नाडी मध्येच चुकणं, घरात कुणी तरुणपणी अचानक गेलेलं असणं, यांतलं काही असेल तरीही तेच. बोलणं जड झालं, तोंड वाकडं झालं, एका बाजूची ताकद गेली, तर ग्लुकोज शोधत बसू नका, १०८ लावा.

लेडीज डबा

सगळ्यांचे आभार. टग्या, वडापावची ऑर्डर नोंदवून घेतलीये.

शुद्ध तूप, सूर्यनमस्कार येतात मला. त्यात एका आवर्तनात डोकं दोनदा गुडघ्यांशी जातं आणि दोनदा वर येतं. मला त्रास नेमका खाली-वर होण्याचाच आहे, माती कुठलीही असो. शिवाय मला घरी नकोच आहे. घरी चटई टाकली की पाच मिनिटांत कुणाचा तरी मोजा सापडत नाही. त्या हॉलमध्ये पाऊण तास मला कोणी आई, वहिनी, मॅडम म्हणत नाही, त्याचे पैसे मी देते.

डॉक्टर, तुमच्या प्रश्नांची उत्तरं.

पाणी: दुपारी चारनंतर पीत नाही. मुद्दाम. सीएसएमटीवरून ठाणे स्लो पकडते, तासभर गाडीत, कधी माटुंग्याच्या पुढे सिग्नलला उभी. ऑफिसातून निघताना जाऊन आलं तरी भरवसा नाही, आणि स्टेशनवरच्या स्वच्छतागृहाबद्दल मी इथे लिहीत नाही, लोक जेवत असतील. आमच्या डब्यातल्या बहुतेक जणी हेच करतात.

खाणं: एकला डबा, साडेचारला चहा आणि दोन बिस्किटं. घरी सव्वासातला पोचते, भाजी फोडणीला टाकून खाली पळते.

पाळी: गेल्या वर्षभरात जास्त जाते, हो. पहिले तीन दिवस ऑफिसला जाताना काळी सलवार घालते आणि रात्री अलार्म लावून उठते. या वयात होतंच असं सगळ्या म्हणतात.

जिना: मुलुंड स्टेशनचा पूल चढल्यावर फोन आल्यासारखं करून थांबते.

बीपी: भाच्याने मोजलं. आडवं पडून ११८/७६, नाडी ७८. उभं राहून एका मिनिटाने १०४/७०, नाडी १०२. तिसऱ्या मिनिटाला १०६/७२, नाडी १००. वीसने नाही उतरलं, मग ठीक ना?

पार्लेकर मावशी

माझा अनुभव अगदी वेगळा, पण कुणाला उपयोगी पडेल. आमच्या योगवर्गात शवासनातून उजव्या कुशीला वळलं की अख्खं छत गरगरायचं, मळमळायचं, आणि मिनिटाच्या आत थांबायचं. डावीकडे वळलं तर काही नाही. घरी पलंगावरही तसंच, कपाटावरचा डबा काढायला मान वर केली तरी. मी महिनाभर बीपी आणि मानेचे मणके यांच्यामागे धावले, मानेचा पट्टाही घेतला. शेवटी कान-नाक-घशाच्या डॉक्टरीण बाईंनी टेबलावर झपकन आडवं करून डोळ्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, आतल्या कानातले खडे जागचे हललेत. एप्ली म्हणून एक कृती असते, डोकं ठरावीक क्रमाने वळवतात. त्यांनी ती केली आणि मी रिक्षाने न जाता चालत घरी आले. तेव्हा खोली फिरत असेल आणि एकाच कुशीवर होत असेल, तर आधी कानाचे डॉक्टर. व्हिडिओ बघून घरी करू नका मात्र, कुठल्या कानाचं आहे ते कळावं लागतं.

कट्टेकरी

शिवाजी पार्कला आम्हा म्हाताऱ्यांचा सकाळचा व्यायामाचा ग्रुप आहे. मला बीपीच्या गोळीत लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं होतं. साडेपाचला गोळी, सहाला मैदान, आणि वाकून पायाचे अंगठे धरून वर आलो की तारे. डॉक्टरांनी औषध बदललं, वेळही बदलली. मनाने गोळी बंद केली नाही हे मुद्दाम लिहितो, कारण आमच्यातल्या एकाने ती केली आणि त्याचा परिणाम चांगला झाला नाही.

स्टेथो आणि छत्री

मावशींची आणि काकांची, दोन्ही उदाहरणं अगदी चपखल.

लेडीज डबा, 'मग ठीक ना' याला माझं उत्तर 'नाही' आहे. वरचा आकडा १४ ने उतरला, व्याख्येत बसत नाही हे खरं. पण नाडी बघा, नुसतं उभं राहिल्यावर २४ ने वाढली. बीपी टिकवायला हृदय जास्त पळतंय. म्हणजे बहुधा अंगात पाणी कमी आहे किंवा रक्त कमी आहे. तुमच्या उत्तरांवरून मला दोन्ही दिसतंय. पूल चढून धाप लागणं हे तर तुम्ही प्रश्नात लिहिलंच नव्हतं, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं तेच.

'या वयात होतंच' हे ऐकून मला राग येतो, तुमच्यावर नाही. रात्री अलार्म लावून पॅड बदलायला उठावं लागणं याला जास्त रक्तस्राव म्हणतात आणि त्याचं कारण शोधावं लागतं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय निघाला होता. इतकं सर्रास आहे म्हणून कोणाला त्याचं काही वाटत नाही.

सीबीसी (रक्तपेशींची मोजणी, हिमोग्लोबिन त्यातच येतं), फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड आणि ईसीजी करून घ्या. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, त्या सोनोग्राफी सांगतील. मेमधल्या तपासणीत हिमोग्लोबिन असेल तर तो कागदही शोधा, तुलना करता येईल. तोवर क्लासला उड्या नाहीत, पण जायला हरकत नाही, मार्चिंग करा. धाप वाढली तर तेही नको. पाणी दुपारी चारपर्यंत भरपूर पिऊन घ्या आणि गाडीतून उतरल्यावर मुलुंडला ग्लासभर. घामाने फारच भिजत असाल तर ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यात, पूर्ण लिटरात. अर्ध्या ग्लासात पुडी टाकून पिऊ नका. घाटकोपर गेलं की डब्यात हात हलवायला जागा होते ना? तिथे केळं किंवा मूठभर चणे-गूळ.

घड्याळाचे आकडे सध्या सोडून द्या. हार्ट रेट जास्तीत जास्त किती जावा याचं '२२० वजा वय' हे सूत्र ढोबळ आहे, आणि रक्त कमी असेल तर त्याच कामाला हृदय जास्त वेगाने धावतं. १६५ बघून तुम्हाला वाटतं व्यायाम छान झाला.

शुद्ध तूप

ताई, आधीचं जरा जोरात लिहिलं गेलं. तपासणी करून घ्या. बायकोला तुमचा धागा वाचायला दिला, तीही चारनंतर पाणी पीत नाही असं आज कळलं. लग्नाला बावीस वर्षं झाली.

लेडीज डबा

रिपोर्ट आले. हिमोग्लोबिन ८.९, फेरिटिन ६. मेमध्ये हिमोग्लोबिन १०.८ होतं, शेजारी तारा छापलेली होती, खाली 'डॉक्टरांशी संपर्क साधावा' असं बारीक अक्षरात. मी साखर बघून फाईल मिटली होती. थायरॉइड, ईसीजी ठीक. सोनोग्राफीत फायब्रॉइड (गर्भाशयातली साधी गाठ) निघालाय, त्याचं काय करायचं ते स्त्रीरोगतज्ज्ञ पुढच्या भेटीत सांगणार आहेत. लोहाच्या गोळ्या सुरू.

वॉर्मअप, तुमचं वाक्य जसंच्या तसं वापरलं. ट्रेनर म्हणाली, 'अरे मग आधी सांगायचं ना मावशी!' (मावशी. असो.) मी आता शेवटच्या रांगेत दाराजवळ असते, दार उघडं ठेवून. तिने कूलडाऊन दोन गाण्यांचा केलाय आणि त्याला गरब्याचं संथ गाणं लावते, त्यामुळे कोणी चपला घालायला जात नाही. माझ्या शेजारी मार्चिंग करणाऱ्या आता आणखी तिघी आहेत. त्यातली एक ती मेनोपॉजवाली. तिचं हिमोग्लोबिन माझ्यापेक्षा कमी निघालं. खिडक्यांचा विषय एजीएमच्या अजेंड्यावर गेलाय, बी विंग तयारीत आहे असं कळतं.

डॉक्टर, एक शंका. गोळी उपाशीपोटी घ्या म्हणतात, चहाबरोबर नको म्हणतात. आमच्या ऑफिसात दर दीड तासाने चहा येतो. मग घ्यायची कधी?

स्टेथो आणि छत्री

रात्री. जेवणानंतर दोन तासांनी, लिंबूपाण्याबरोबर. लोह अंगी लागायला लिंबू मदत करतं, चहा अडवतो. कॅल्शियमची गोळी चालू असेल तर ती सकाळी, या गोळीसोबत नको. मळमळ झाली तर जेवणाबरोबर घ्या, थोडी कमी लागू पडेल पण बंद करण्यापेक्षा बरं. शौचाला काळं होईल, घाबरू नका. आणि चक्कर थांबली म्हणून गोळ्या सोडू नका. हिमोग्लोबिन आधी भरतं, फेरिटिन नंतर, त्यामुळे आकडा १२ च्या वर गेल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेवावं लागतं. महिन्याने सीबीसी पुन्हा करा, आकडा इथे टाका. बर्पीचं तेव्हा बघू.